धीर कोणी धरायचा?

‘हल्ली लोकांना धीरच राहिलेला नाही’ हे वाक्य सध्या कुठल्याही व्यासपीठावर खपते. स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे ते म्हणतात, मुंजीच्या पंगतीत काका म्हणतात, रविवारच्या पुरवणीत निवृत्त प्राध्यापक म्हणतात. पुरावा मोबाइलचा, आरोपी तरुण पिढी आणि शिक्षा ध्यानधारणेची, असा हा खटला पाच मिनिटांत निकाली निघतो. तक्रार उतावळेपणाची आहे, पण निकालाची घाई पाहावी!

हे निदान मला उथळ वाटते. लक्षण खरे आहे, रोग मात्र भलत्या जागी शोधला जातो. माझे म्हणणे थोडक्यात असे. धीर आणि एकाग्रता हे आपण समजतो तितके माणसाच्या अंगचे गुण नसतात. त्यांचा मोठा भाग भोवतालची व्यवस्था पुरवते. दिलेला शब्द पाळला जाईल असा भरवसा असला की माणूस थांबतो. त्याच्या लक्षावर कोणी सतत हात टाकत नसेल तर तो एका गोष्टीवर टिकतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्याकडचा धीर आटला असे नाही, त्याची वाटणी बदलली. पैसे मोजणाऱ्याने मुळीच थांबायचे नाही आणि उरलेल्यांनी थांबतच राहायचे, अशी ती नवी वाटणी आहे. लक्षाचे तर त्याहून वाईट झाले; त्याचा बाजार भरला. म्हणून हा विषय संस्कारांच्या खात्यात टाकून हात झटकता येणार नाहीत.

१. आठ सेकंदांची अफवा

सुरुवात पुराव्यापासून करू. माणसाचे अवधान आता आठ सेकंदांवर आले असून गोल्डफिश नावाच्या माशाचेही नऊ सेकंदांचे आहे, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकले आहे. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेने २०१५ साली जाहिरातदारांसाठी काढलेल्या अहवालातून हा आकडा जगभर गेला. अहवालाने तो दुसरीकडून उचललेला होता. २०१७ मध्ये बीबीसीने त्याचा माग काढायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यामागे कोणतेही संशोधन हाती लागले नाही. माशाचा आकडाही तसाच हवेतला. अवधान कामावर अवलंबून असते. सुईत दोरा ओवणाऱ्याचे वेगळे, वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्याचे वेगळे. सगळ्यांचे मिळून एकच सरासरी अवधान काढण्याला फारसा अर्थ नाही.

तरीही काहीच बदललेले नाही असे मी म्हणत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधक ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांची प्रत्यक्ष नोंद ठेवली. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत होता. अलीकडच्या वर्षांत तो काळ ४७ सेकंदांच्या आसपास आला आहे. हे मोजमाप खरे आहे आणि काळजीचेही आहे. पण ते वागणुकीचे मोजमाप आहे, कुवतीचे नव्हे. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले-मुली दिवसाचे दहा-दहा तास एका खुर्चीत बसतात. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. पटावर तासन् तास बसल्याशिवाय तो खेळ होत नाही. आणि ज्या पोराला पाठ्यपुस्तकाचे एक पान वाचवत नाही, ते वेब मालिकेचे आठ भाग एका रात्रीत संपवते. अवधानाची कुवत शाबूत आहे. ते कुठे लावायचे याचा ताबा आपल्याकडे उरला आहे का, हा खरा सवाल.

२. जुन्या धीराची चौकशी

आता ज्या काळाचे दाखले दिले जातात तो काळ तपासू. १९७० आणि ८० च्या दशकांत बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. गॅसचा नंबर, टेलिफोनचा नंबर, रॉकेलची रांग. त्या पिढीला आपण सोशिक म्हणतो. पण परवाना पद्धतीत उत्पादनावरच मर्यादा होती, तेव्हा थांबण्यावाचून इलाज नव्हता. जिथे इलाज सापडला, तिथे याच सोशिक पिढीने वरचे पैसे मोजून दुसऱ्याच्या नंबरची स्कूटर घेतली आहे. टंचाईला सद्गुण म्हणायची सवय आपल्याला नंतर लागली.

कलेच्या बाबतीत हा गैरसमज जास्त पक्का आहे. पूर्वी लोक रात्र रात्र गाणे ऐकत, आता तीन मिनिटांच्या वर कोणाला काही सोसत नाही, असे सांगितले जाते. पुण्यात भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मृत्यर्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव खरोखरच पहाटेपर्यंत चाले. तो रात्रभराचा शिरस्ता मोडला तो श्रोते जांभया देऊ लागले म्हणून का? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आले आणि मैफली आवरत्या घ्याव्या लागल्या. श्रोते आजही सतरंजी घेऊन येतात.

आणि तीन मिनिटांचे म्हणाल, तर तो शोध रीलवाल्यांचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ७८ फेऱ्यांची तबकडी आली, तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभे केले. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली. लहान आकार आणि उथळपणा यांचे नाते आपण लावतो तेवढे जवळचे नाही. तबकडी संपली की मात्र कोणीतरी उठून ती उलटायची असे, आणि त्या उठण्यात ‘आता पुरे’ म्हणायची सोय होती. या सोयीचे पुढे काय झाले, ते चौथ्या मुद्द्यात येईल.

आपल्या परंपरेने तर श्रोत्याचे लक्ष सुटणार हे गृहीतच धरले होते. नारदीय कीर्तनाची मांडणी पाहा. पूर्वरंगात निरूपण, ते जड होते आहेसे वाटेपर्यंत मध्ये नामजप, बुवांना हार आणि बुक्का, श्रोत्यांना पाय मोकळे करायला सवड, आणि मग उत्तररंगात आख्यानाची गोष्ट. दोन तास माणसे बसत ती त्या काळची माणसे थोर होती म्हणून नव्हे. बसवण्याचे शास्त्र कीर्तनकाराला ठाऊक होते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’च्या वाचकांनी १८९० नंतर एकेक कादंबरी आठवड्या-आठवड्याने, हप्त्यांत वाचली. त्यांचा धीरसुद्धा साप्ताहिकाच्या वेळापत्रकाने घडवलेला होता. पुढचा अंक ठरल्या दिवशी येई, म्हणून वाट पाहण्याला चव होती.

३. थांबणे भरवशावर चालते

इथे युक्तिवादाचा मुख्य टप्पा येतो. संयमाच्या प्रत्येक व्याख्यानात एका गोड वडीची गोष्ट असते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे मार्शमेलो ठेवला आणि ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ असे सांगितले. जी मुले थांबली ती पुढे आयुष्यात सरस ठरली, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि संयम शिकवणाऱ्या शिबिरांचा धंदा बहरला.

पुढची गोष्ट व्याख्यानांत येत नाही. २०१८ मध्ये कितीतरी अधिक मुलांवर तोच दावा पुन्हा तपासला गेला. घरची परिस्थिती आणि आईचे शिक्षण हिशेबात घेतल्यावर थांबण्याचा तो चमत्कार बराचसा विरला. त्याआधी रोचेस्टर विद्यापीठातला एक छोटा प्रयोग मला याहून बोलका वाटतो. तिथे काही मुलांना आधी ‘चांगले रंग आणून देतो’ असे सांगून ते आणले, आणि काहींना तेच सांगून रिकाम्या हाताने परत येऊन माफी मागितली. मग मार्शमेलो ठेवला. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. फसवली गेलेली मुले तीन मिनिटांत खाऊन मोकळी झाली. मुले अवघी २८ होती, तेव्हा त्यावर इमारत बांधू नये. पण प्रश्न तर पडतोच. ती तीन मिनिटांवाली मुले असंयमी होती की शहाणी?

हाच प्रश्न उसाच्या फडात विचारू. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. कारखान्याने ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला रास्त दराचे पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यायचे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. थकलेल्या बिलांसाठी कोल्हापूर-सांगली पट्ट्यात किती हंगाम आंदोलने झाली, हे वृत्तपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. असा शेतकरी बिल हाती येताच ते खर्चून टाकतो, मुलाच्या शिक्षणासाठी मागे ठेवत नाही, अशी टीका शहरात होते. ज्याला चौदा दिवसांचा कायदेशीर शब्द कित्येकदा मोडलेला पाहावा लागतो, त्याने दहा वर्षांच्या वायद्यावर विसंबून राहावे अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

उसाशी जोडलेला एक अभ्यास तमिळनाडूतलाही आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तो आला. तिथल्या त्याच त्या शेतकऱ्यांची तोडणीच्या आधी, हात तंग असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर विचारशक्तीची चाचणी घेतली. तंगीच्या दिवसांत गुण कमी आले. या अभ्यासाच्या आकड्यांवर नंतर वाद झाले, पण मूळ निरीक्षणाला धक्का लागलेला नाही असे माझे मत आहे. माणूस तोच, मेंदू तोच, आणि महिना बदलला की एकाग्रता बदलते. घरात थकलेले बिल आणि उद्याची फी घोळत असताना ‘वर्तमानक्षणात जगा’ हा उपदेश निव्वळ उद्धटपणाचा ठरतो.

४. लक्षाचा बाजार

माहितीची सुबत्ता झाली की तुटवडा लक्षाचा पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. तुटवडा असलेल्या वस्तूचे बाजारात काय होते ते आपण जाणतो. २००६ मध्ये एझा रॅस्किन या आरेखनकाराने न संपणारे पान तयार केले. खाली सरकवत राहा, तळ येतच नाही. तबकडी उलटायला उठावे लागे, मासिकाचे शेवटचे पान येई, दूरदर्शन रात्री बंद होई. थांबण्याच्या या साऱ्या जागा एका युक्तीने बुजल्या. रॅस्किन यांनी पुढे जाहीरपणे त्याचा पश्चात्ताप व्यक्त केला. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ मध्ये आपली स्पर्धा प्रेक्षकाच्या झोपेशी असल्याचे सांगितले, आणि ते विनोदाने सांगितले असले तरी खोटे नव्हते.

भारतात हा बाजार फार झपाट्याने भरला. २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइल डेटाचा भाव कोसळला. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा लघुचित्रफितींचे वेड आता ओसरेल असे काहींना वाटले. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी इथूनच सुरू केली. जागा तीन महिनेसुद्धा रिकामी राहिली नाही. जी जागा इतक्या तातडीने भरली जाते तिची किंमत किती असेल, याचा अंदाज बांधायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. ती जागा म्हणजे तुमच्या-आमच्या घरातली संध्याकाळ.

५. आज कोण थांबते

आता वाटणी पाहू. मुंबई-पुण्यात दहा-पंधरा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. ग्राहकाला थांबावे लागत नाही, कारण त्याच्या वाट्याचे थांबणे दुसऱ्याने उचललेले असते. डिलिव्हरीचा पोरगा ऑर्डर पडण्याची वाट पाहत डार्क स्टोअरबाहेर, म्हणजे घरपोच मालाच्या गोदामाबाहेर, दुचाकीवर बसून राहतो. मोबदला ऑर्डरमागे, बसण्याचा नाही. ऑर्डर पडली की सिग्नल, पाऊस, सोसायटीच्या वॉचमनची वही आणि बंद लिफ्ट त्याने सोसायची. वर ग्राहक पडद्यावरचा त्याचा ठिपका पाहत असतो आणि ठिपका दोन मिनिटे हलला नाही की फोन करतो.

देवळातही तेच. शिर्डीत सबुरीचा उपदेश जागोजागी वाचायला मिळतो आणि लवकर दर्शनाचा सशुल्क पासही मिळतो. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारी गोपाळपूरच्याही पुढे जाते. आळंदीहून तीन आठवडे पायी चालत आलेला वारकरी पुन्हा तासन् तास त्या बारीत उभा राहतो. त्याला धीर शिकवायला जाण्याची कोणाची हिंमत होणार नाही, पण ‘समाजातला धीर संपला’ म्हणताना आपण त्याला समाजात मोजतही नाही. देशातल्या न्यायालयांत पाच कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. त्यांतला प्रत्येक पक्षकार तारीख घेऊन घरी जातो आणि पुढच्या तारखेला पुन्हा येतो.

‘धीर धरा’ हा सल्ला इतिहासात बहुधा वरून खाली गेला आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षे चालला. दाराबाहेर उभ्या असलेल्यांना सबुरीने घ्या म्हणणारे बहुतेक लोक दाराच्या आत होते. अखेर डॉ. आंबेडकरांनी ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. अधीरता हा दोष मानणाऱ्यांनी या पाच वर्षांचा हिशेब एकदा मांडावा. कोणाचा धीर तिथे कमी पडला?

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप जबाबदारीचा. फोन बंद करायचे बटण प्रत्येकाच्या हातात आहे, मग व्यवस्थेवर खापर कशाला? बटण आहे हे कबूल. पण एका बाजूला दिवसभराच्या कामाने थकलेला एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याने अजून एक चित्रफीत पाहावी म्हणून पगार घेणारे शेकडो अभियंते, ही कुस्ती जोडीची नाही. शिवाय फोन बंद ठेवण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही. साहेबाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश न पाहणे कारकुनाला महागात पडते, आणि शाळेचा गृहपाठही आता त्याच फोनवर येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कारण बाहेरचे असेल, पण सवय तर आतली झाली ना? ग्लोरिया मार्क यांनाच असे दिसले की लोक कोणी अडथळा आणला नाही तरी स्वतःच स्वतःला अडथळा आणतात. हे मला मान्य करावे लागते. दहा वर्षे तुकड्यांत वाचलेल्या माणसाला अचानक निवांत दुपार दिली तरी तो जाडजूड ग्रंथ घेऊन बसेल असे नाही. इथे वैयक्तिक सरावाला जागा आहे, आणि ज्याला जमेल त्याने तो जरूर करावा. माझे म्हणणे एवढेच की एकट्याने केलेला सराव एकट्यापुरता राहतो, आणि ज्याच्याकडे स्वतंत्र खोली व रिकामा तास आहे त्यालाच तो बहुधा साधतो.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा. अधीरता वाईट कशी? लोक अधीर झाले म्हणून तर टेलिफोनची रांग संपली. बरोबर आहे, आणि हा आक्षेप माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. २००५ साली माहितीचा अधिकार आला, तीस दिवसांत उत्तर देण्याच्या बंधनासह. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात दप्तर दिरंगाईचा कायदा लागू झाला. सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये, असे तो सांगतो. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा झाला. हे सगळे अधीर माणसांचे कर्तृत्व आहे. दुखणे असे की ही अधीरता आपण चुकीच्या खिडकीवर खर्च करतो. सात मिनिटे उशीर झाला म्हणून डिलिव्हरीवाल्याला एक तारा देणारा माणूस सात महिने अडकलेल्या फाइलसमोर ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ म्हणून हसतो. जिथे हुज्जत घालायची तिथे सोशिक आणि जिथे समजून घ्यायचे तिथे उतावीळ, हा आपला आजचा स्वभाव आहे. बदलायचा असेल तर तो बदलावा.

७. वडगावचा भोंगा

मग करायचे काय? सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. टाळेबंदीनंतर मुले पुस्तकांना हात लावत नाहीत, ही तक्रार तिथेही होती. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास महिलांच्या सभेत विषय निघाला आणि देवळावर भोंगा बसला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरांतले दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा सुरू. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक सुरुवातीला घरोघर फिरले.

या भोंग्यात मला व्याख्यानांपेक्षा जास्त अक्कल दिसते. वडगावकरांनी मुलांना नुसता संयमाचा उपदेश केला नाही. सगळ्यांनी एकाच वेळी फोन ठेवला. त्यामुळे आपण काहीतरी चुकवतो आहोत ही धाकधूक कोणालाच राहिली नाही, आणि बापाने मालिका पाहत पोराला अभ्यासाला बसवण्याचा ढोंगीपणाही टळला. दीड तासापुरती का होईना, लक्षाला राखण मिळाली, आणि ती कोणा एकट्याच्या मनोनिग्रहावर टांगलेली नव्हती. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांत मोबाइलला बंदी केली, ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद केली. त्या देशव्यापी कायद्यांचे बरेवाईट काळ ठरवील. दिशा मात्र वडगावचीच आहे.

तेव्हा पुढच्या सोसायटीच्या सभेत, पालकसभेत किंवा ग्रामसभेत धीर संपल्याचे भाषण सुरू झाले, तर वक्त्याला दोन प्रश्न विचारा. आपल्या इमारतीचा, शाळेचा, गावाचा भोंगा किती वाजता? आणि तहसीलमधला दाखला मुदतीत मिळाला नाही तेव्हा आपण काय केले? लोकसेवा हक्क कायद्यात पहिले अपील करायला तीस दिवस असतात, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरही करता येतो. तिथे अजिबात धीर धरू नका.